किडेबाबाचा गोड पाक

"पाय दाबा त्याचे!" किडेबाबा गरजला. दोन दांडगट चेल्यांनी चार वर्षांच्या पोराला टेबलावर चेपून धरलं. पकड तोंडात गेली, पोराने गोदाम दणाणून सोडणारी किंकाळी फोडली आणि बाबाने रक्ताने माखलेला दात उंच धरला. मग पितळी नळी हिरडीला लावून त्याने सुर्रकन ओढलं आणि नळी पाण्याच्या ताटलीत झटकली. पाण्यात पांढरा किडा वळवळला.

"बाबा! बाबा!" शे-दोनशे माणसांनी हात जोडले. पोराच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, तिकडे बघायला कोणी रिकामं नव्हतं.

माझं डोकं सणकलं. मी दातांची डॉक्टर. या गोदामात मी आले होते ती माझ्या भाचीसाठी. धाकट्या बहिणीची तीन वर्षांची ठकी बापाच्या खांद्यावर तापाने फणफणली होती. समोरचे चारही दात काळे पडून झिजलेले, आणि सूज गालावरून डोळ्याखाली चढलेली. आतला पू आणखी पसरला असता तर पोर हातची गेली असती.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल," मी बहिणीचा दंड धरला.

"ताई, औषधाने किडा मरत नाही गं. बाबा म्हणतात, दाताच्या मुळात तापती सळई घालावी लागते."

सळई तिकडे शेगडीवर लाल होत होती.

"किडा हावरट असतो, माऊली!" बाबा बाटल्या वाटत होता. "निजताना बाळाच्या दुधात माझा मंत्रलेला पाक घाला. किडा गोडाला भुलतो, वर येतो आणि नळीत गावतो!"

"म्हणजे उंदीर घालवायला घरात धान्याचं पोतं ओतायचं?" मी ओरडले.

एका चेल्याने फाडकन माझ्या तोंडात मारली. ओठ फुटला. माणसं हसली. कोणी म्हणालं, "धंदा बुडतो ना बाईंचा!"

तेवढ्यात माझ्याबरोबर आलेली आमची आई पुढे सरसावली. इतका वेळ ती गप्प होती, आणि आमची आई गप्प असली की समजावं, कोणाचं तरी काही खरं नाही.

"बाबा, आधी माझी दाढ बघा. ठणकून जीव चाललाय."

बाबा खूश. म्हातारं गिऱ्हाईक, लाथा मारत नाही. नळी लागली, सुर्रकन ओढ, झटका. एक, दोन, तीन किडे! गर्दीने पुन्हा गजर केला.

आईने शांतपणे तोंडात बोटं घातली, वरची-खालची कवळी काढली आणि बाबाच्या ताटलीत ठेवली. मीच करून दिलेली.

"आता सांग मेल्या," बोळक्या तोंडाने ती म्हणाली, "प्लॅस्टिकला कधीपासून किडा लागतो?"

मग मगाचच्या पोराच्या बापाने खुर्ची उचलून बाबाच्या पाठीत घातली. टेबल उलटलं, शेगडी उडाली, चेले भिंतीवर आदळले. नळी कोणाच्या तरी टाचेखाली चेपली आणि तिच्यातून कापसाचा बोळा आणि दोऱ्याचे तुकडे बाहेर पडले. खळीत बुडवून, पीळ देऊन वाळवलेले. पाण्यात पडले की पीळ सुटतो, आणि सुटताना दोरा हलतो. हाच तो किडा! बाबाच्या तोंडातून रक्त आलं तेव्हा मला कीव आली नाही, खोटं कशाला सांगू? पण मला पोर बाहेर काढायची होती. ठकीला छातीशी धरून, कोपराने वाट काढत मी पळाले. बाबाला पुढे पोलिसांनी उचललं.

दवाखान्यात ठकीचा पू काढला, चार दात काढले. ती वाचली.

"पण मग ताई, दात खाल्ले कोणी?" बहिणीने रडत विचारलं.

दोघं नवरा-बायको बेकरीत कामाला. कामाला भल्या पहाटे जायचं म्हणून संध्याकाळीच पोरीला गोड दुधाची बाटली द्यायची, उशीला टेकवून ठेवायची आणि आपणही पडायचं. मी समजावून सांगितलं: रात्रभर दूध दातांवर. झोपेत लाळ कमी सुटते, दात धुतले जात नाहीत. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात आणि आम्ल दात पोखरतं. त्यात तीन महिने बाबाचा पाक. दात कुजवायचे त्यानेच आणि उपटायचेही त्यानेच.

हे ऐकताच मेव्हण्याने बहिणीवर हात उगारला. "तूच! तूच माझ्या पोरीचे दात खाल्लेस!"

मी त्याचं मनगट धरून पिरगळलं. "बाटली टेकवल्यावर तुम्हालाही झोप लागत होती ना? तेव्हा नाही विचारलंत, दुधात काय आहे म्हणून! गोदामात मारायला बाबा पाहिजे, इथे बायको पाहिजे. मारायला माणूस मिळाला की विचार करायचं काम संपलं, होय?"

हात खाली आला. तो भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

म्हणून सांगते, बायांनो आणि बाप्यांनो, दातात किडा नसतो. बाळ निजताना बाटली तोंडात ठेवू नका. दुधात साखर, पाक, काही घालू नका. वर्षाचं झालं की पेल्याने प्यायला शिकवा. पहिला दात दिसला की तो घासा, आणि काळा डाग दिसला की डॉक्टर गाठा. आणि कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एकच विचारा, "हे कसं केलंस?" त्या गोदामात शे-दोनशे माणसं होती. त्यांतल्या एकाने जरी हे आधी विचारलं असतं, तर त्या चार वर्षांच्या पोराला कोणी टेबलावर दाबून धरलं नसतं.