छातीवरचा पट्टा

तिच्या धाकट्या भावाला पोहता येत नव्हतं आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा हा माणूस सुटीच्या दिवशी बहिणीच्या नवऱ्याबरोबर तलावावर मासे धरायला जायचा, तो तिनं घेऊन दिलेलं नारिंगी लाइफजॅकेट घरूनच चढवून. रस्त्यावरची पोरं हसली तर त्यांना हात करून पुढं व्हायचा. तिचा नवरा होड्या दुरुस्त करणारा, पाण्यातच वाढलेला, त्यामुळे त्याला ही सगळी थेरं वाटायची. "तुझ्या भावाला आंघोळीलाही घाल ते," तो म्हणायचा. ती मात्र शिवणयंत्रावरून उठून भावाच्या छातीवरचा पट्टा ओढून बघायची. बकलाचा भरवसा नको म्हणून एक जादा पट्टा तिनं दुहेरी दोऱ्यानं कायमचा शिवून टाकला होता. तेव्हापासून जाकीट डोक्यातूनच घालावं लागे.

होडी उलटली त्या दिवशी वारासुद्धा नव्हता. काठावरच्या लोकांनी एकट्या नवऱ्याला दारात आणून सोडलं, तेव्हा ते जाकीट त्याच्या अंगावर होतं.

"त्यानं दिलं मला," तो म्हणाला. "माझ्या पायात गोळा आला होता. ऐकेचना."

भाऊ असावा तर असा, असं शेजारचं कुणीतरी म्हणालं आणि तिनं ते मानून घेतलं. पुढं भेटायला येणाऱ्यांना तीच ते सांगू लागली.

नवऱ्यानं जाकीट काही काढलं नाही. तो ते घालूनच जेवायला बसला, घालूनच आडवा झाला. तिनं हात लावला की मागं सरकायचा. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, ओढून काढू नका. तिला एवढंच खटकत होतं की ते वाळत नव्हतं. तो खिडकीतल्या उन्हात बसून राही, वर पंखा चालू असे, तरी खुर्चीखाली पाण्याचं थारोळं साचायचं आणि ती निमूट पुसायची.

मग तो घरात चवड्यांवर चालू लागला. चपला उचलून त्यानं फळीवर ठेवल्या.

"घोट्यापर्यंत आलंय," दूधवाला आलाय म्हणावं तशा सुरात तो म्हणाला.

तिनं खाली पाहिलं. नुकतीच पुसलेली फरशी कोरडी ठणठणीत होती. पुढं पाणी गुडघ्यांना लागलं, मग कमरेला. तो सांगायचा आणि ती हूं म्हणायची.

एका दुपारी तो खुर्चीत पेंगत असताना त्याचा हात बाजूला पडला आणि तिला काखेखाली तो जादा पट्टा दिसला. तिचे टाके जसेच्या तसे होते. त्यांच्या शेजारून मात्र पट्टा सरळ, एका झटक्यात कापलेला होता.

"हा कुणी कापला?"

त्यानं डोळे उघडले. "त्यानंच."

"त्याच्याकडे चाकू कुठला? चाकू तुमच्या कमरेला असतो."



"दोन्ही हातांनी धरून बसला होता," तो म्हणाला. "माझ्या पायात गोळा आला होता गं."

"काय म्हणाला तो?"

"दाजी म्हणाला. नुसतं दाजी."

इतके दिवस आपण या माणसाखालचं पाणी पुसत होतो आणि त्याची बनवाबनवी आपल्याच तोंडानं गावभर सांगत होतो, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

"गळ्याशी आलंय," हनुवटी उचलून तो म्हणाला. "जरा आवळतेस?"

ती गुडघ्यांवर बसली. आवळायला गेलेल्या बोटांनी बकल उघडलं आणि लहान मुलाचा सदरा काढावा तसं तिनं जाकीट अलगद खांद्यांवरून उतरवलं. तो ओरडला नाही. त्यानं तिचं मनगट तेवढं धरलं. तिनं एकेक बोट सोडवलं, जाकीट उचललं आणि गॅलरीत जाऊन दार लोटून घेतलं. आत खुर्ची फरशीवर खरखरली, पुन्हा एकदा खरखरली. समोरच्या घरी कुणी गाद्या झटकत होतं, ते ती बघत राहिली.

ती आत आली तेव्हा तो खुर्चीतच होता, तोंड उघडं, केस आणि कपडे कोरडे. आणि चारही भिंतींवर, त्याच्या डोक्याच्या वीतभर वर, पाण्याची एक ओली रेघ उमटलेली होती.