तिसरी किल्ली

मित्रांनो, येता-जाता मला कुणी नीट बघत नाही, म्हणून आज मीच बोलतो. मी एक जुनं पितळी कुलूप आहे. अंगावरची अक्षरं झिजली, पण कडी सोडलेली नाही.

करुणाचं लग्न झालं तेव्हा तिच्या वडिलांनी, साहेबरावांनी, मला शिरूरच्या बाजारातून घेतलं. "दोन किल्ल्या हायत पोरी. एक तुझी, एक जावयाची," एवढंच ते म्हणाले. कारेगावात बानूबाईंच्या चाळीतल्या एका खोलीला मी लागलो. करुणा आणि तिचा नवरा महेंद्र, दोघंही कंपनीत. पाळ्या मात्र उलट्या. एक घरी येईपर्यंत दुसरं बाहेर पडलेलं. म्हणून करुणानं एक खूण ठरवली. जेवण झाकून ठेवलं असेल तर जाताना माझी अक्षरं दाराकडं फिरवायची, नसेल तर बाहेर. दमलेला महेंद्र लांबूनच माझी पाठ बघायचा आणि खुलायचा. काय मान होता तेव्हा माझा! दर भीमजयंतीला खोली झाडताना करुणा माझ्यात तेलाचे दोन थेंब सोडायची.

पुढं ते खुलणं आटलं. सुट्टीच्या दिवशीही दोघं दोन भिंतींना टेकून फोन बघत बसायची. तेलाची आठवण कुणाला राहिली नाही. आणि एका दुपारी माझ्यात तिसरीच किल्ली शिरली. महेंद्रनं गुपचूप करून घेतलेली ती किल्ली त्याच्या कंपनीतल्या प्रगतीच्या हातात होती. मला उघडायचं नव्हतं. पण किल्ली बसली की कुलपाचं काही चालत नाही. करुणाची दुसरी पाळी असली की प्रगती येऊ लागली.

एकदा निघताना महेंद्र गाडी काढायला पुढं गेला आणि मला प्रगतीनं लावलं. तिला खूण कुठली ठाऊक? माझी अक्षरं बाहेर राहिली.

त्याच दिवशी मशीन बंद पडलं म्हणून करुणा पाच वाजताच परतली. मला बघून थबकली. जाताना तिनं माझी अक्षरं दाराकडं फिरवली होती. तिनं फोन लावला.

"आवं, घरी येऊन गेलता का?"

"न्हाई गं. ओव्हरटाइमला हाय. कंपनीतच."

तिनं मला उघडलं. मोरीत दोन उष्टी ताटं होती. तिनं झाकून ठेवलेली भाकरी दोघांनी खाल्ली होती. तिनं दोन्ही ताटं घासली, पिशवी भरली. जाताना मला लावलं, अक्षरं बाहेर ठेवली आणि आपली किल्ली बानूबाईंकडं दिली.

"कवा येशील गं?" बानूबाईंनी विचारलं.

"न्हाई यायची, मावशी."

महेंद्र आला, बाहेर वळलेली माझी अक्षरं बघितली आणि काय ते समजला. प्रगतीही पुढं यायची बंद झाली.

मित्रांनो, कुलपाला तेल सोडा, पण तेवढ्यानं भागत नाही. तुमच्यासाठी कुणी ताट झाकून ठेवत असेल, तर जेवण गोड लागलं म्हणून सांगत जा. महेंद्रनं ते कधी सांगितलं नाही. आता मी गंजलोय. तो मात्र कामावर जाताना अजून माझी अक्षरं दाराकडं फिरवतो. परतल्यावर माझी पाठ बघतो आणि घाईनं किल्ली काढतो. आत ताट नसतं.