दुलीचंदच्या साबणाच्या वड्या

रुख्माबाईच्या खोलीत दोन पेट्या होत्या. एकीत देण्याघेण्याचं सामान: कोणाच्या लग्नात आलेलं ब्लाऊजपीस, कोणाच्या बारशातला स्टीलचा डबा. आलेलं ठेवायचं आणि वेळ आली की दुसऱ्या घरी चालतं करायचं. शेजारच्या पुष्पलतानं दिलेला डबा एकदा फिरून तिच्याच घरी गेला, तेव्हापासून रुख्माबाई जास्त सावध झाली होती.

दुसऱ्या पेटीत तिची लुगडी, आणि तळाशी कागदात गुंडाळलेल्या लाल साबणाच्या वड्या. नवरा दुलीचंद भरवेलीच्या खाणीत कामाला होता तेव्हा दर महिन्याला तिथून साबण मिळायचा. तो गेला त्या महिन्याच्या वड्या तिनं वापरल्याच नाहीत. शेजारणी म्हणत, म्हातारी साबणसुद्धा झिजू देत नाही. म्हणोत. चिक्कू म्हणवून घेणं परवडतं. रडकं तोंड दाखवलं की लोक रोज समजूत घालायला येतात.

रविवारी ती बाजारातून भाजी घेऊन आली तर सून राखी शेगडीपाशी. राखीच्या भावाचं लग्न वारासिवनीला. मैत्रिणींना घरी केलेला साबण भेट द्यायचा, असं तिनं मोबाईलवर पाहून ठरवलं होतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं, त्यात लाल कीस विरघळत होता. इडलीच्या ताटल्यांना तेल लावून ठेवलेलं.

"कायचा साबण हाय हा?"

"तुमच्याच पेटीतला, आई. इतका पुराना, एकदम सूखा! किसायले मस्त. नवा तर किसनीले चिपकते."

राखी कौतुकानंच बोलत होती. या घरात कागदात गुंडाळलेली वस्तू कोणाकडे तरी जायचीच असते, हे तिला सासूनंच शिकवलं होतं.

रुख्माबाईनं पिशवी खाली टाकली. शिव्या तिच्याकडे कायम तयार असत. पण तेवढ्यात वाफ नाकात गेली.

किती वर्षं ती पेटी उघडून त्या वड्या हुंगत होती. वास यायचा तो डांबरगोळ्यांचा. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. आणि आता, तापल्यावर, तो जुना औषधी वास वर आला. खाणीच्या कॉलनीचा नळ. दुलीचंदच्या मानेवरून उतरणारं काळं पाणी.

"रुख्मा, पाठ घास ना वो."

"बायको हाय मी, नोकर नाही," म्हणत ती मुद्दाम जोरात घासायची, आणि तो बोंबलायचा.

राखीनं गुलाबाच्या अर्काची बाटली उघडली.

"थांब! थेंब बी टाकू नको!"

"पर आई, हा तर दवाखान्यावानी बास मारते. मैत्रिणी हसतीन माह्यावर."

"त्यायले दुकानातून आन. पैसे माह्याकडून घे."

राखी घाबरली. सासू ओरडते ते रोजचं. पैसे देते म्हणजे काहीतरी मोठं बिघडलं. तिनं बाटलीचं झाकण लावलं.

"बाबांचा होता का?" तिनं हळूच विचारलं.

"हलव नीट. बुडाले लागन."

वड्या सुकल्यावर राखीनं त्या धुतलेल्या फडक्यात बांधून सासूच्या पेटीपाशी ठेवल्या. रुख्माबाईनं दोन काढून तेजरामला पाठवल्या. खाणीत दुलीचंदच्या पाळीला असणाऱ्यांपैकी तो एकच उरला होता. एक घेऊन ती न्हाणीत गेली आणि दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळानं राखीनं कडी वाजवली. "आई, टाकी खाली होऊन राह्यली! साबण बी संपन अशानं!"

"संपू दे वो," आतून आवाज आला, आणि पुन्हा मग्गा बादलीत बुडला.