इन्सुलिनचा माठ

मी माठ बोलतोय. अडाणी माणसाला तुम्ही ज्या नावाने हिणवता ना, तोच. खुशाल हिणवा. पण या घरात मी जे पाहिलं, त्याचा धसका अजून गेलेला नाही.

घोटीच्या बाजारातून मला आणलं तेव्हा वाटलं, पाणी भरतील, नाहीतर दही लावतील. कुठलं काय! मला एका मोठ्या माठात बसवलं, दोघांच्या मधे ओली वाळू भरली आणि माझ्या कोरड्या पोटात एवढीशी काचेची बाटली ठेवली. इन्सुलिन म्हणे. घरातल्या सृष्टीला, चौथीतल्या पोरीला, डायबेटिस. तिच्या अंगात हे तयारच होत नाही, म्हणून रोज सुया. ऐकून मी हादरलोच.

नाशिकला गंगापूर रोडच्या दवाखान्यातल्या हर्षालीताईंनी तिला आणि तिच्या आईला, लताला, सगळं शिकवलं होतं. बोटातून थेंब काढून साखर कशी तपासायची, औषध किती घ्यायचं, घरी फ्रिज नसेल तर ते असं माठात कसं ठेवायचं. थोड्याच दिवसांत सृष्टी आपल्या हाताने पोटावर सुई टोचून घ्यायला लागली. आई तोंड फिरवायची, पोरगी नाही.

मग उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी, रवीने, फ्रिज आणला. आजीने, सिंधुबाईंनी, त्याला हळदकुंकू लावलं, गल्लीत पेढे वाटले. "लेकीच्या औषधासाठीच घेतलाय," म्हणत रवीने माझ्यातली बाटली काढली आणि थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवली. जितकं गार तितकं चांगलं, असं त्याला वाटलं. सृष्टी तेव्हा शाळेत होती.

संध्याकाळी लताने बाटली काढली तर औषध गोठलेलं. तिने ती कोमट पाण्यात धरली. औषध वितळलं, दिसायला होतं तसंच. तेच तिने पोरीच्या हातात दिलं. सगळं मायेपोटी, पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दुसऱ्या दिवशी सृष्टी पिण्याच्या माठापासून हलेना. सारखी पाणी पीत होती. तहान मला कळते, ही साधी तहान नव्हती. सुई घेऊनही मीटरवरची साखर चढतच गेली.

"पेढे खाल्लेस ना चोरून?" सिंधुबाईंनी विचारलं.

"नाय आजी."

"मग साखर काय वाऱ्यानं आली? देवाच्या दिव्यावर हात धर."

पोरीने दिव्यावर हात धरून शपथ घेतली. तरी कुणाचा विश्वास बसला नाही. अहो, औषधाची बाटली कुणी बघेना, सगळे पोरीच्या तोंडाकडे बघत होते. मी सुन्न झालो.

दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात चालला होता, डोळे उघडेनात. घाबरून लताने हर्षालीताईंना फोन लावला.

"औषध कुठे ठेवलंय?"

"फ्रिजात, ताई. बर्फाच्या कप्प्यात."

ताई म्हणाल्या, "एकदा गोठलं की ते वाया जातं, लताताई. आत्ताच्या आत्ता तिला जवळच्या दवाखान्यात न्या. वाट बघू नका."

रवीने पोरीला उचलून शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. लता मागे धावली. सिंधुबाई माझ्याजवळ खाली बसल्या. "शपथ घेतली व्हती तिनं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

सृष्टी वाचली. चालत घरी आली. औषध आता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात असतं, आणि लाईट गेली की सृष्टी ते माझ्याकडे आणते. वाळू ओली ठेवायचं काम सिंधुबाईंनी कुणाला न विचारता स्वतःकडे घेतलंय.

माझं मागणं मोठं नाही. अशा लेकराची साखर चढली तर आधी बाटली बघा, चोर नंतर शोधा.

परवा सृष्टी खेळून आली ती घामाघूम, हात थरथरत होते. साखर फारच खाली उतरली होती; अशा वेळी लगेच गोड खावं लागतं, हेही ताईंनी शिकवलेलं. तिला काहीतरी गोड हवं होतं, पण आजीला समोर बघून ती दारातच थबकली.

सिंधुबाई उठल्या. साखरेचा डबा उघडला आणि मूठभर साखर तिच्या तोंडाशी धरली.

"खा बाई. मी पुन्हा इचारणार नाय."