मांजरीसाठी सहा महिने

हयग्रीवचं पत्र सकाळी अकराच्या टपालानं आलं. माझ्या बायकोला, मीनाक्षीबाईंना, वाचता येत नाही, म्हणून मुलाची पत्रं मीच मोठ्यानं वाचतो. गेली चार वर्षं हे चाललंय. तो स्कॉटलंडमध्ये भाताच्या रोगांचा अभ्यास करतो. चैत्रात परत येऊन तो आमच्या तमिळ मुलखातच, आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात नोकरीला लागणार, असं ठरलं होतं.

निघताना आईनं त्याला एकच सांगितलं होतं, जेवणाआधी कावळ्याला घास ठेवत जा. आमच्याकडे तो ठेवल्याशिवाय पान मांडत नाहीत. तिथं खिडकीशी कावळा आला नाही. समुद्रपक्ष्यांनी भांडणं केली, घरमालकीण रागावली. मग एक मांजरी आली, कान फाटलेली, आणि तिनं भात खाल्ला. हे चालेल का, असं त्यानं पत्रातून आईला विचारलं तेव्हा ती हसली. “खाणारं आलं म्हणजे झालं,” म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक पत्रात मांजरी. तिच्यामुळे सहाच्या आत खोलीवर परतावं लागतं. मित्रांबरोबर डोंगरात जाता येत नाही. पहिल्या हिवाळ्यात तो तापानं पडला, तेव्हा ती चार दिवस त्याच्या पायांवर बसून होती. एकदा लिहिलं होतं, “अप्पा, घरची मराठी मी इथं तिच्याशीच बोलतो. नाहीतर विसरलो असतो.”

या पत्रात मात्र वेगळंच होतं. मांजरीचं मूत्रपिंड बिघडलंय. डॉक्टर म्हणतात, फार तर सहा महिने. घरमालकीण म्हणते, तू गेलास की मी तिला सुई देऊन संपवून टाकीन. प्राध्यापक तेवढ्या मुदतीचं काम द्यायला तयार आहेत. आडुतुरैची जागा थांबेल की नाही, सांगता येत नाही. “राहू का? तुम्ही ये म्हणालात तर ठरल्या बोटीनं येईन. पुन्हा विचारणार नाही.”

मेलकावेरीच्या सुंदरेशचा मुलगाही परदेशात सहाच महिने जास्त राहणार होता. त्याला आता नऊ वर्षं झाली, अजून परतला नाही. मी एकाहत्तरचा आहे. आयुष्यात मी कधी कुठला निर्णय धड घेतला, असं मला आठवत नाही, आणि त्या दिवशीही घेतला नाही. पत्राची तेवढी एक बाजू वगळून बाकीचं वाचलं. थंडी कमी झाली, प्रबंध मान्य झाला, सर्वांना नमस्कार.

“आणि मांजरी?” तिनं विचारलं.

“काही लिहिलं नाही.”

“चार वर्षांत पहिल्यांदा?”

मी कागदाची घडी घातली. ती नीट बसेना.

“काय वो, मध्ये थांबलात कां? श्वास घ्यायला?”

“अक्षर बारीक आहे.”

“त्याचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे, हे तुम्हीच सांगता.” ती सुपातले तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. “मेली काय ती?”

“नाही.”

“मग?”

मी पत्र पुन्हा उघडलं आणि राहिलेलं वाचलं. माझाच आवाज मला परका वाटत होता. वाचून संपवलं. सुपातला एक खडा तिनं दोनदा उचलून दोनदा परत टाकला.

“इतकी पुस्तकं वाचलीत,” ती शेवटी म्हणाली, “एक पत्र धड वाचता आलं नाही.”

“मला तो यायला हवा आहे.”

“आणि मला नको आहे?”

मी पत्र पाकिटात घालू लागलो.

“मांजरीला तो भात आधी देतो की स्वतः जेवल्यावर?” तिनं विचारलं.

“आधी. आजवर आधीच.”

“घास ठेव म्हणून मी सांगितलं. कधी थांबव ते सांगितलं नाही. आता काय सांगू, सुई देऊ दे म्हणून?” तिनं सूप बाजूला सारलं. “लिहा, राहा म्हणून.”

“सुंदरेशचा मुलगा—”

“ठाऊक आहे. लिहा.”

मी लिहायला बसलो. पहिल्या दोन ओळींना अर्धा तास गेला. राहा, असं लिहिलं. तिला पातळ ताकभात देऊन बघ, असं आईचं म्हणणं लिहिलं. आडुतुरैचं पुढचं पुढे बघू, असंही लिहिलं, जरी काय बघणार ते मला माहीत नव्हतं. शेवटी लिहिलं, आम्ही दोघं तुझी वाट बघतो.

“वाचा,” ती म्हणाली. “सगळं.”

मी सगळं वाचलं.

“ते शेवटचं काढा.”

“खरंच तर आहे.”

“खरं आहे म्हणूनच. ते वाचून तो तिथं कसा राहील? उगाच तिच्याकडे बघत बसेल, कधी मरते म्हणून.”

मी ती ओळ खोडली.

“नीट खोडा. कागदामागे दिवा धरून खोडलेलं वाचतात मुलं.”

मी टाक पुन्हा शाईत बुडवला आणि अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत त्या ओळीवर फिरवत राहिलो.