आईच्या हातातली अक्षरं

पालघरच्या एसटी स्टँडवर बोईसरची गाडी अजून लागायची होती, तेव्हा प्रियंकाच्या फोनवर आईचा शब्द आला.

तिची आई, दीपिका, मागच्या पावसाळ्यात कावीळ होऊन वारली होती. आणि आता फोनवर सरळ लिहून आलं होतं, 'आईने शब्द लावला – भाकर. आता तुमची खेळी.'

"काय झालं गं? चेहरा असा का केलास?" शेजारच्या मैत्रिणीने विचारलं.

प्रियंकाने फोन मांडीवर पालथा घातला, मग पुन्हा सुलटा केला. शब्द तिथेच होता.

हा खेळ मायलेकींनी प्रियंका दहावीत असताना सुरू केला होता. दोघींनी आपापल्या फोनवर खेळायचं. प्रत्येकीच्या हातात सात अक्षरं येतात. समोरच्या पाटावर आधी लागलेल्या शब्दातलं एखादं अक्षर धरून आपला शब्द जुळवायचा. काना, मात्रा, वेलांटी हवी तशी लावायची. एकीचा शब्द लागला की दुसरीची खेळी. घाई कसलीच नाही. समोरची दोन तासांनी खेळो की दोन दिवसांनी, डाव थांबून राहतो.

दीपिका तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने शब्द लावायची. तिचे शब्दही तिच्यासारखेच होते. 'आळशी' लावायची, 'वेंधळी' लावायची, आणि संध्याकाळी कुंभवलीच्या खोलीत शिरता शिरता म्हणायची, "माझा शब्द बघितलास का? तुझ्यावरूनच सुचला." प्रियंका चिडायची. मग दोघी हसायच्या.

शेवटचा डाव तसाच राहिला होता. प्रियंकाने 'करवंद' लावलं होतं आणि आईची खेळी होती. आई तेव्हा दवाखान्यात होती. ती घरी आलीच नाही. फोनमध्ये मात्र 'आईच्या खेळीची वाट पाहत आहोत' ही ओळ राहिली, आणि प्रियंकाने ती पुसली नाही. कधीतरी, घरात कोणी नसताना, ती तो डाव उघडून नुसती बघत बसायची.

बस उमरोळीच्या पुढे गेली तेव्हा कुठे तिला उलगडा झाला. फोन. आईचा फोन पप्पांनी ठमीला दिला होता.

ठमी म्हणजे तिच्या पप्पांची नवी बायको. मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची. डोंगरउतारावरच्या तुकड्यात नाचणी-वरई करायची, भातझोडणी उरकली की माणसांबरोबर कामाला बाहेर जायची. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. पहिल्या नवऱ्याने दुसरी केली म्हणून माहेरी परतलेली. यंदा होळीनंतर घरच्या चार माणसांत लग्न लागलं आणि ती कुंभवलीला आली. प्रियंका तिच्याशी कामापुरतं बोलायची. "जेवण झालंय." "पाणी गेलं." "पप्पा उशिरा येणार आहेत." भांडण नव्हतं, आणि दुसरंही काही नव्हतं.

प्रियंका घरी पोचली तेव्हा ठमी दारातच उभी होती. एरवी ती अशी दारात येत नसे. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"शबुद आला का माजा?" ती म्हणाली. "दुपारभर बसून काढला."

प्रियंकाने चप्पलही काढली नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं त्याला हात लावायला?"

ठमीचं हसू विरलं. "तूच बोलवलंस ना?"

"मी?"

"त्यात लिवलं होतं." ठमीने फोन पुढे केला. "हे बघ. मी वाचलं. 'पियू तुमची वाट पाहत आहे.'"

प्रियंकाने ते वाचलं. आईच्या फोनमध्ये तिचं नाव अजून पियूच होतं. ही ओळ किती महिने कपाटातल्या बंद फोनमध्ये पडून होती, हे मनात आलं आणि तिला राग आवरला नाही.

"मी तुमची वाट नव्हते बघत! तो आईचा डाव होता. शेवटचा. तो तसाच ठेवायचा होता मला!"

ठमीने फोन फळीवर ठेवला, लांब, हात पोचणार नाही इतका आत सारून.

धीरज, प्रियंकाचे पप्पा, कामावरची पाळी संपवून आले तर घरात दोघींची तोंडं दोन भिंतींकडे. काय झालं ते त्यांना तुकड्यातुकड्याने कळलं. त्यांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "पडून पडून फोन खराब होईल म्हणून दिला. त्यात काय आहे ते बघायचं मला सुचलं नाही. मला बघवलंही नसतं, पियू."

त्या रात्री प्रियंका दोन घास खाऊन उठली.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून परतली ती नवापूर नाक्यावर उतरून चालत निघाली. तिथे मेहुलचं मोबाइलचं दुकान आहे. आसपासच्या कंपन्यांतले कामगार रिचार्जला, काच बदलायला तिथेच येतात. आज गर्दी होती आणि त्या गर्दीत, सगळ्यांच्या मागे, मनगटाला पिशवी अडकवून, फोन दोन्ही हातांत धरून ठमी उभी होती. लग्नातली साडी नेसून आली होती. बाजारात एकटीने यायची तिची पहिलीच वेळ असावी.

प्रियंका बाजूच्या फळांच्या गाडीआड थांबली. का थांबली ते तिलाही सांगता आलं नसतं.

ठमीचा नंबर आला. मेहुलने फोन घेतला, वर-खाली केलं.

"भाभी, एक बार खेल दिया तो वापस नहीं आता," तो म्हणाला. मग तिला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाला, "लावलेला शब्द काढता येत नाही. अख्खा गेम उडवून टाकू का? सगळं साफ होईल."

"नको!" ठमीने झडप घालून फोन ओढून घेतला. दुकानातले दोघे-तिघे वळून बघायला लागले. तिने आवाज खाली केला. "उडवू नको. ते तिच्या आयचं हाय. माजा येक शबुद हाय ना, तेवडाच काढ. बाकी हाय तसं राहू दे."

"नहीं होगा, भाभी."

"दुसरा कोण काढील? पालघरला कोण असल?"

मेहुलला हसू आलं नाही. त्याने मान हलवली. "कोणालाच नाही येणार."

ठमी दुकानाबाहेर आली आणि समोर प्रियंका. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"मी काढाया आले होते," ठमी म्हणाली. "नाय निगत."

"ऐकलं मी."

"मला ठाव नव्हतं, पोरी. आईची आन. ठाव असतं तर हात नसता लावला."

प्रियंकाने तिच्या हातातली पिशवी घेतली. "चला," ती म्हणाली. "रिक्षा भरली की बसायला जागा मिळत नाही."

दोघी घरी आल्या. ठमीने चहा टाकला. वारा फिरला होता. कंपन्यांकडचा आंबूस वास खोलीत आला म्हणून तिने खिडकी लोटली. प्रियंका कॉटवर बसून आईचा फोन बघत होती. तिने तो आईच्या माघारी पहिल्यांदाच हातात घेतला होता. आणि बघता बघता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. तिच्या स्वतःच्या फोनवर तिला पाट आणि आपली अक्षरं एवढंच दिसायचं. आईच्या हातातली अक्षरं इथे होती. ती तिने कधीच पाहिली नव्हती.

"इकडे या," ती म्हणाली. "शब्द लावायच्या आधी इथे काय होतं? कुठली अक्षरं होती?"

ठमी चहाचं भांडं तसंच टाकून आली. "मला समदी पाठ हाय. दुपारभर तीच बघत होते." तिने बोटावर मोजली. "भ, र, ट, व, न, म, स. तुज्या करवंदाचा क धरला, नि माजा भ नि र लावला. मंग ही दोन नवी आली, ह नि च."

"म्हणजे ट, व, न, म, स अजून आईचीच."

"व्हय. आयचीच."

प्रियंका त्या पाच अक्षरांकडे बघत राहिली. ठमी शेजारी टेकली, अंग चोरून, मधे हातभर जागा सोडून.

"ताईनं काय लावलं असतं?" तिने हळूच विचारलं.

"काय माहीत." प्रियंका पाटावरून नजर फिरवू लागली. खालच्या कोपऱ्यात तिनेच कधीतरी लावलेलं 'फळ' होतं. तिथल्या ळ वर तिची नजर अडली. मग हातातल्या ट वर गेली, मग व वर.

तिच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला.

"टवाळ," ती म्हणाली. "टवाळ लावलं असतं तिनं. आणि मला म्हणाली असती, बघ, तुझ्यावरूनच सुचला."

एवढं बोलून ती रडायला लागली. आई गेल्यानंतर पप्पांना त्रास नको म्हणून ती कोणासमोर कधी रडली नव्हती. ठमीने आधी हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि शेवटी तिच्या पाठीवर ठेवला. प्रियंकाने तो झटकला नाही. चहा उतू जाऊन गॅस विझला, तेव्हाच ठमी उठली.

आईने ती अक्षरं पाहिली तरी असतील का, दवाखान्यात तिने फोन उघडला तरी असेल का, हे कळायला मार्ग नव्हता. पण संध्याकाळी प्रियंकाने तोंड धुतलं, आपला फोन घेतला आणि किती महिन्यांनी त्या डावात स्वतःची खेळी केली. साधासा शब्द, एका कडेला, आईची जागा अडणार नाही असा.

"आता तुम्ही लावा," ती ठमीला म्हणाली. "आईसाठी."

"नको बाई. परत कायतरी चुकल."

"नाही चुकत. ट आधी ओढा. तिथे. आता व. त्याला काना द्या. आता ते हिरवं दाबा."

ठमीने श्वास रोखून बोट टेकवलं. प्रियंकाच्या फोनने आवाज केला. 'आईने शब्द लावला – टवाळ.' बोट कोणाचं होतं ते तिला ठाऊक होतं. समोरच बसलं होतं ते माणूस. तरीही तिने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

मग तो डाव चालू झाला. प्रियंका पालघरहून खेळायची, ठमी कुंभवलीहून. ठमीची पद्धत एकच. शब्द लावायच्या आधी ती प्रियंका घरी येईपर्यंत थांबायची आणि विचारायची, "ताईनं कुठं लावला असता?" प्रियंका सांगायची. सांगता सांगता दुसरंच काही सांगायची. आई सुकट भाजताना शेजारणींना कशी हाका मारायची. कंपनीच्या बसमध्ये तिची खिडकीची जागा कशी ठरलेली होती. पप्पांवर रागावली की भाजीत तिखट कसं वाढायचं. एकदा धीरज दाराशी थांबून हे ऐकत होते. आत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण त्यांनी एवढंच म्हटलं, "तिखट नाही गं, मीठ वाढायचं."

डाव संपला तेव्हा आई हरली होती, तीही सपशेल.

"माज्यामुळं हरली," ठमी खजील होऊन म्हणाली.

"असं हरल्यावर आई झोपू द्यायची नाही. म्हणायची, दुसरा डाव मांड."

"मंग मांड."

प्रियंकाने संपलेला डाव तसाच ठेवला. त्याच फोनमध्ये तिने नवं खातं उघडलं. नाव विचारल्यावर ठमीने बराच विचार केला आणि एकेक अक्षर शोधून 'ठमी' असं लिहिलं. चालतं का, असं प्रियंकाकडे बघितलं.

"चालतंय की."

नव्या डावात ठमीला विचारायला कोणी नव्हतं आणि तिला तसा सल्ला नकोही होता. सुरुवातीला ती दोन-दोन अक्षरांचे शब्द लावायची. खेळ तिच्याकडचे काही शब्द घ्यायचाच नाही, तेव्हा फोनशी भांडायची. "आमी लानपणापासून बोलतो, नि ह्यो सांगतो असा शबुदच नाय!" पण हळूहळू तिला गती आली.

दिवाळीच्या आधी प्रियंका दाखल्याच्या कामाला कोळगावला गेली होती, जिल्हा मुख्यालयाच्या त्या मोठ्या इमारतीत. रांग हलत नव्हती. सकाळपासून तिने तीनदा फोन काढून बघितला. ठमीचा शब्द आला नव्हता. शेवटी तिने फोनच लावला.

"काय गं, किती वेळ? मी इथे रांगेत कंटाळून गेलेय."

"थांब जरा," पलीकडून ठमीचा आवाज आला, मागे फोडणीची चरचर. "मोटा सापडलाय. तुला दमवते आता."

"किती अक्षरांचा?"

"सांगत नाय. तू जेवलीस का आधी ते सांग."

"नाही अजून."

"मंग बाहेर जाऊन वडापाव खा. रांग कुटं जात नाय. खाल्लंस की फोन कर, मंग लावते."

मागच्या बाईला जागा धरायला सांगून प्रियंका रांगेतून बाहेर पडली.