नमुन्याचा दिवस

टेकडीवरच्या वस्तीचं पाणी नको तितकं चांगलं होतं, आणि पाणी तपासणाऱ्या बाईंना त्या चांगुलपणाचाच संशय येऊ लागला होता. नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य काढलं की माणसाचं असं होतं. बाकी सगळ्या भागांतल्या बाटल्या कधी ना कधी रुसायच्या. कुठे गाळ, कुठे क्लोरीनचा पत्ता नाही, कुठे बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट, म्हणजे जंतू आहेतच. टेकडीची बाटली मात्र कायम स्वच्छ. आणि त्याच टेकडीवर राहणारी बाईंची भाची जुलाबांनी पुन्हा आडवी झाली होती.

"ताई, पाणी उकळून पाजू का गं तिला?" धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं होतं.

"बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल तिने. पाण्याचा रिपोर्ट चांगला आहे, बिनधास्त पाज," बाई म्हणाल्या होत्या. बहिणीसाठी ताईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तिने पुढे विचारलं नाही.

पण फोन ठेवल्यावर बाईंना चैन पडेना. कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यांचा पहिला संशय गेला बाटलीकाकांवर. गावभर हिंडून नमुने आणायचं काम त्यांचं. गुडघे कुरकुरणारे, टेकडीला पायऱ्या भरपूर, आणि ऑफिसच्या फाटकातच एक नळ. तिथे बाटली भरून कागदावर 'टेकडी' लिहिलं तर कोण बघायला जातंय? काका चहाचा कप घेऊन समोर आले की बाई आता त्यांच्या चपलांकडे बघत. धूळ आहे की नाही? तशी ती असायची, पण धूळ काय कुठेही मिळते.

शेवटी एका सकाळी काकांच्या मागोमाग बाईही टेकडीवर निघाल्या. काका धापा टाकत वर चढले, बहिणीच्या दारासमोरच्या सार्वजनिक नळापाशी थांबले, स्पिरिटचा बोळा पेटवून तोटी चांगली भाजली, पाणी वाहू दिलं आणि बाटलीच्या तोंडाला बोट न लावता ती भरली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, काना-मात्रा न चुकवता. बाईंना स्वतःचीच लाज वाटली, पण संशय काही उतरला नाही. त्याने फक्त घर बदललं.

कारण पाण्याला क्लोरीनचा इतका भपकारा होता की डोळे चुरचुरावेत.

"हा वास रोज येतो?" त्यांनी घरात जाऊन बहिणीला विचारलं.

"छे. तुमचे काका येतात त्या दिवशीच येतो," बहीण मुलीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली. "मला वाटायचं, त्यांच्या बोळ्याचा असेल."

पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. गाल आत गेलेले.

म्हणजे नमुना घ्यायच्या दिवशी कुणीतरी टाकीत औषध ओतत होतं. पण दिवस कळतो कसा? तो ठरलेला नसतोच. कुणाला सुगावा लागू नये म्हणून बाई स्वतः सकाळी ऑफिसात आल्यावर ठरवत की आज कुठला भाग. मग फुटलं कोण? शिपाई दाराशी उगाच रेंगाळतो. साहेब हल्ली हसून बोलतात, आणि साहेब हसले की काहीतरी शिजत असतं. बाईंनी सगळ्यांना एकेक करून मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. उतरताना काकांना पुढे पाठवून त्या टाकीपाशी वळल्या.

पंपवाला टाकीखालच्या खोलीत रेडिओ ऐकत बसला होता. बाईंना बघून त्याने खुर्ची पुसून दिली. कोपऱ्यात क्लोरीनच्या पावडरचं एकच पोतं होतं, तेही तळाला गेलेलं.

"आज नमुना आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी सरळच विचारलं.

तो गोंधळला. "तुम्हीच की, बाई."

"मी?"

"तुमचा फोन येतो ना सकाळी. 'काका वर येतायत, पाणी चालू आहे ना, उगाच हेलपाटा नको त्यांना.' पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस घर झाडतोच. मी पण टाकतो दोन घमेली जास्त."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"पोती अर्धीच येतात वरून. पावडर राखून ठेवावी लागते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. आपण ऑफिसची अब्रू राखतो असंच त्याला वाटत होतं.

फोन खरंच बाईंचाच होता. काकांच्या गुडघ्यांची काळजी म्हणून त्या फोन करत, आणि त्या फोनचा त्यांना थोडा अभिमानही होता.

पुढच्या खेपेला त्यांनी फोन केला नाही. काकांनी आणलेली बाटली दुसऱ्या दिवशी डांबरासारखी काळी झाली. साहेब हसले नाहीत. "पुन्हा एकदा रीतसर नमुना घेऊ, तोवर बाहेर बोलू नका," म्हणाले. बाईंनी मान डोलावली, पर्स उचलली आणि थेट टेकडी गाठली.

"पाणी उकळून पाज," दारातूनच त्या बहिणीला म्हणाल्या. "आजपासूनच. शेजारीपाजारीही सांग."

"आणि आधीचे रिपोर्ट?"

बाईंनी सगळं सांगितलं, फोनसकट. काही राखलं नाही. बहीण ऐकत राहिली. रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिने पातेलं भरून गॅसवर चढवलं.

"उकळी फुटल्यावर थोडा वेळ तसंच खळखळू दे," बाई म्हणाल्या. "मग झाकून गार कर."

"हो," बहीण म्हणाली आणि पदराला हात पुसत दाराकडे निघाली. "किती वेळ ते एकदा शेजारच्या वहिनींना विचारून येते."